घराबाहेरचा पहिला उपवासकाळ: सगळे विचारतात 'तू काय सोडलंस', आणि माझं मन मात्र कोरडंच

गासची_पोर:
मी वसईची, गासची. ऑगस्टमधे एमएसला अमेरिकेत आले, मिडवेस्टात आहे, आणि हा माझा घराबाहेरचा पहिलाच उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस. कॅम्पसला लागून न्यूमन सेंटर आहे, म्हणजे कॅथलिक विद्यार्थ्यांचं केंद्र, छोटं चर्च, त्याला चिकटून फादरांचं ऑफिस, खाली हॉल आणि किचन. आल्यापासून दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाते, माणसं खरंच चांगली आहेत, हे आधीच सांगते म्हणजे गैरसमज नको.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, १८ फेब्रुवारीला, दुपारच्या मिस्साला एवढी गर्दी की अर्धी पोरं बाहेर बर्फात उभी होती. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन तशीच लॅबमधे गेले, कोणी काही बोललं नाही, पण मला दिवसभर कसं भरून आल्यासारखं वाटत होतं, घरी मम्मीला व्हिडिओ कॉल करून दाखवला तर ती पण रडली. तो दिवस खरा होता.

मग गुरुवारी रात्री स्मॉल ग्रुप होता. गोल करून बसलो आणि एकेकानं सांगायचं की तू काय सोडलंस. कोणी इन्स्टा सोडलं, कोणी चॉकलेट, एक मुलगा रोज थंड पाण्यानं अंघोळ करतो, दोघं जण नव्वद दिवसांचा काहीतरी प्रोग्राम करतात त्यात तर बरंच काही बंद आहे, आणि एका मुलीकडे प्रार्थनेच्या अ‍ॅपवर सलग किती दिवस झाले त्याचा आकडा होता. माझी पाळी आली तेव्हा मी घाईघाईत म्हटलं चहातली साखर आणि गोड. सगळे छान छान म्हणाले. पण घरी परत येताना मला इंटरव्ह्यू देऊन आल्यासारखं वाटलं.

आमच्या घरी कोणी असं विचारतच नव्हतं. आजी शुक्रवारी एक वेळ जेवायची, ते आम्हाला खूप उशिरा कळलं, ती म्हणायची भूक नाही. संध्याकाळी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या चौदा टप्प्यांची प्रार्थना, घरी आल्यावर रोझरी, म्हणजे जपमाळ, झोप. आता इथे साखर सोडून सहा दिवस झाले आणि सातव्या दिवशी रूममेटनं शिरा केला तो मी खाल्ला. आराधनेला, म्हणजे वेदीवरच्या पवित्र भाकरीसमोर शांत प्रार्थनेला, गुरुवारी एक तास बसते तर वीस मिनिटांनी घड्याळ बघते. प्रार्थना इंग्लिशमधे तोंडातून जाते पण कुठे लागत नाही. मिडटर्म्स समोर आहेत, टीएशिपचे पेपर तपासायचेत.

तर विचारायचं हे की हे माझंच होतंय की सगळ्यांचं होतं? आणि उपवासकाळात माणूस खरंच आत कुठेतरी वाढतो तो कशानं?

अजून एक प्रॅक्टिकल प्रश्न. यंदा रमजान पण त्याच आठवड्यात सुरू झालाय, लॅबमधली ढाक्याची मैत्रीण येत्या शुक्रवारी इफ्तारला बोलावतेय आणि तिची आई खास मटण बिर्याणी करणारे. उपवासकाळातल्या शुक्रवारी आमच्यात मांस नसतं, मी काय करू? नाही म्हणायला जीव होत नाही.


गिरीजकर_शिकागो:
बाळा पहिल्यांदा शिऱ्याचं सोडून दे. खाल्लास तर खाल्लास, दुसऱ्या दिवसापासून परत चालू. चाळीस दिवस हे काय एकदा तुटली की संपली अशी साखळी नाहीये, आणि तसं बघायला गेलं तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलेस तर शेहेचाळीस दिवस भरतात, मधले सहा रविवार त्यात धरतच नाहीत कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. म्हणजे चर्चनं स्वतःच दर आठवड्याला श्वास घ्यायला जागा ठेवलीये.

मी २००९ ला आलो, इंडियानात शिकलो. माझा पहिला उपवासकाळ तुझ्यापेक्षा वाईट गेला. मी ठरवलं होतं चाळीस दिवस एक वेळ जेवायचं, कोणाला न विचारता, घरी आजोबा करायचे म्हणून. दुसऱ्या आठवड्यात लॅबमधे चक्कर आली आणि लेक्चर बुडलं, वर चिडचिड इतकी की रूमवरच्या पोरांशी भांडण झालं. न्यूमनच्या फादरांकडे पापनिवेदनाला गेलो आणि भांडणाचं सांगितलं, उपासाचं मी अभिमानानं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, उद्यापासून तीन वेळा जेव आणि ज्याच्याशी भांडलास त्याच्यासाठी एकदा स्वयंपाक कर, हेच तुझं प्रायश्चित्त. मला तेव्हा राग आला होता. पण मी डाळभात आणि अंड्याची भाजी केली, तो पोरगा तेलुगू होता, त्यानं जेवताना त्याच्या वडिलांच्या आजारपणाचं सांगितलं जे आम्ही एका खोलीत सात महिने राहून मला माहीत नव्हतं. माझा उपवासकाळ त्या ताटापासून सुरू झाला असं मी मानतो.

नियम म्हणशील तर चर्च फार थोडं मागतं. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस उपासाचे, अठरा ते एकोणसाठ वयाला, त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोन छोटी चालतात. चौदाच्या पुढे उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी मांस नाही. बास. बाकी सगळं आपलं आपण घेतलेलं, त्यामुळे ते मोडलं की पाप झालं असं मनात धरू नकोस.

इफ्तारचं: फादरांना सरळ विचार. धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या) फादरांना एखाद्याला त्या दिवसापुरती सूट देण्याचा किंवा त्याऐवजी दुसरं काही सत्कृत्य सांगण्याचा अधिकार असतो, कायद्यातच आहे, कॅम्पसच्या फादरांकडे तो आहे का हे ते स्वतःच सांगतील. पण मला विचारशील तर मैत्रिणीला आजच सांग की शुक्रवारी आमच्यात मटण नसतं. रोजा धरणाऱ्या माणसाला हे जितकं पटकन कळेल तितकं कोणालाच कळणार नाही. मी पैज लावतो तिची आई तुझ्यासाठी वेगळं काहीतरी करेल.


नंदाखालची_ताई:
मी ओहायोत चार वर्षं एका कॅम्पस मिनिस्ट्रीत अर्धवेळ काम केलंय, म्हणून आतून थोडं सांगते, लांब होईल, माफ कर.

तुझं एकटीचं नाहीये. राखेच्या बुधवारी जी गर्दी बघितलीस ती सगळीकडे असते. गंमत म्हणजे त्या दिवशी मिस्सा बंधनकारक नाही, तरी ख्रिसमसला न येणारी पोरं येतात, कॅथलिक नसलेली पण येतात, राख कोणालाही घेता येते. मी खूप वेळा विचार केलाय का येत असतील. मला वाटतं एकोणीस वीस वर्षांच्या पोरांना दिवसभर सगळे सांगत असतात की तू काहीही होऊ शकतोस, आणि त्या एका रांगेत कोणीतरी कपाळाला हात लावून सांगतं की तू माती आहेस, मातीला मिळशील. ते ऐकून त्यांचे खांदे खाली येतात, मी स्वतः बघितलंय, राख लावायला मी उभी असायचे.

आणि मग दोन आठवड्यांनी मिडटर्म्स येतात आणि हॉल रिकामा होतो. टिकतात कोण माहितीये? ज्यांच्या हातात काम दिलेलं असतं ते. आमच्याकडे शुक्रवारी क्रूसाच्या वाटेआधी सूप असायचं, मसूरचं, बटाट्याचं, साधंच, आणि तीन वाजल्यापासून चिरायला माणसं लागायची. एक मुलगा यायचा, कोणाशी बोलायचा नाही, स्मॉल ग्रुपला तर कधीच नाही, फक्त कांदे चिरायचा. पाच पाच किलो. चौथ्या शुक्रवारी चिरता चिरता मान वर न करता मला म्हणाला, इथे कन्फेशन कधी असतं, मी सहा वर्षं गेलो नाहीये. मी फक्त वेळ सांगितली. तो गेला. ईस्टरच्या जागरणाच्या मिस्साला मेणबत्ती धरून माझ्या पुढच्याच बाकावर होता.

त्यामुळे तुला माझा एकच सल्ला, गोलात बसून सांगायचं जड जात असेल तर किचनमधे जा. सांगायला लागतच नाही तिथं.

आता त्या 'काय सोडलंस' बद्दल. त्या पोरांना वाईट समजू नकोस. त्यातली बरीचशी अशा घरातून येतात जिथं आठवडाभरात देवाचं नावही निघत नाही, त्यांना तुझ्यासारखी आजी नव्हती, त्यांनी हे सगळं अठराव्या वर्षी पहिल्यांदा हातात घेतलंय, म्हणून एकमेकांना सांगून धीर घेतात. पण तुझं जे खटकलं तेही बरोबरच खटकलं, कारण राखेच्या बुधवारच्या मिस्सात बायबलमधलं जे शुभवर्तमान वाचतात तेच ते आहे, मत्तयचा सहावा अध्याय, उपास कराल तेव्हा तोंड सुकलेलं दाखवू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. आणि त्यानंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याचं वाचन असतं, अठ्ठावन्नावा अध्याय, की मला हवा असलेला उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. ही दोन वाचनं एकाच आठवड्यात ठेवलीत. तुझी आजी भूक नाही म्हणायची आणि तिच्या वाटणीचं कोणाच्या ताटात जायचं हे कधी बघितलंस का? विचार मम्मीला.

इथे पुठ्ठ्याचा एक डबा मिळतो, राइस बोल म्हणतात, १९७५ मधे पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाऊनला सुरू झाला, तुमच्या सेंटरला दाराशीच ठेवलेला असेल. साखर, कॉफी, बाहेरचं जेवण जे सोडशील त्याचे पैसे त्यात टाक. पंचवीस टक्के तिथल्याच डायोसिसमधल्या, म्हणजे बिशपच्या हद्दीतल्या, भुकेल्यांना जातात, बाकी बाहेरच्या देशांतल्या कामाला. मग सोडलेली साखर कुणाच्या तरी पोटात जाते, नाहीतर ती नुसती आपल्याच वहीत राहते.

अजून एक, कोणी ताजी ग्रॅज्युएट झालेली मुलगी तुला सारखी कॉफीला बोलावत असेल तर घाबरू नकोस, ती बहुतेक फोकसची मिशनरी असेल. १९९८ ला सुरू झालेली संस्था आहे, ही पोरं स्वतःचा पगार स्वतः देणग्या मागून उभा करतात आणि विद्यार्थ्यांबरोबर एकेकट्यानं बसतात. आपल्याला आधी विचित्र वाटतं की ही माझ्या मागे का लागलीये. पण घड्याळ बघते, कोरडं वाटतं, शिरा खाल्ला, हे सगळं तिला जसंच्या तसं सांग. गोलात नाही, एकटीला.

आणि हे मी प्रत्येक वेळी लिहितेच: ज्यांचं जेवणाशी आधीच भांडण आहे, वजनाच्या भीतीनं जेवण टाळणं वगैरे, त्यांनी उपास करू नये. कॅम्पसवर अशा मुली मी बघितल्यात, उपवासकाळ म्हटला की त्यांना न जेवायला पवित्र कारण मिळतं. आजाऱ्याला चर्चनं सूट दिलेली आहे आणि हाही आजारच आहे. त्यांच्यासाठी वेळेवर, कोणाच्या तरी सोबत जेवणं हीच तपश्चर्या. हे वाचणारी कोणी असेल तर फादरांशी आणि डॉक्टरांशी बोल गं.


सदाशिवपेठी:
मी हिंदू आहे, धाग्यात घुसले त्याबद्दल सॉरी, पण मी पण एमएसला आहे आणि माझी रूममेट कॅथलिक आहे, मंगलोरची. आमच्या घरी आजी एकादशी करायची, चातुर्मासात कांदा लसूण नाही, आणि लहानपणी मला वाटायचं उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. इथे आल्यावर मी एकादशी सोडून दिली कारण एकटीनं करायला अर्थच वाटेना. राखेच्या बुधवारी तिच्याबरोबर सहज गेले तर कोणी मला हे विचारलं नाही की तू कोण, कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, वेळी तिनं सांगितलं की हात छातीवर आडवे ठेव, फादर आशीर्वाद देतील, तसं केलं. त्या दिवसापासून ती शुक्रवारी मांस खात नाही म्हणून मी पण खात नाही आणि मी एकादशी परत धरलीये म्हणून ती रात्री माझ्याबरोबर फळं खाते. फक्त एवढंच सांगायचं होतं की तुझ्या रूममेट्सना सांगून बघ, शिरा करणारीला माहीतच नसेल. आणि यंदा १९ मार्चला पाडवा आहे, घरात पुरणपोळी होणार, त्याचं तू काय करणार आहेस? मला माझ्या रूममेटसाठी माहिती हवीये.


गिरीजकर_शिकागो:
@सदाशिवपेठी सॉरी कशाला, बरं झालं लिहिलंस. १९ मार्च हा संत जोसेफचा सण आहे, आमच्याकडे मोठ्या दर्जाचा सोहळा, आणि अशा सोहळ्याला आपण स्वतः घेतलेला नेम सैल सोडायची रीत आहे. यंदा पाडवा नेमका त्याच दिवशी आलाय. तिला पुरणपोळी वाढ, तूप घालून.


माहीमचा_सर:
मी मुंबईत डिग्री कॉलेजला शिकवतो आणि कॉलेजच्या कॅथलिक मुलांबरोबर पंधरा एक वर्षं आहे. अमेरिकेसारखं वेगळं सेंटर, वेगळा स्टाफ आपल्याकडे थोड्याच ठिकाणी असतो. आपल्याकडे आयकफ आहे, १९२४ ला सुरू झालेली कॅथलिक विद्यार्थ्यांची चळवळ, जेझुइट कॉलेजांत जेझुइट फादर असतात, बाकी ठिकाणी कोणीतरी माझ्यासारखा सर आणि एक रिकामा क्लासरूम. उपवासकाळ नेहमी परीक्षेच्या तोंडावर. बावीस मुलं आहेत माझ्याकडे, त्यातली सात वसई विरारहून लोकलनं येणारी, ती पहाटे पाचला उठतात, त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू की अजून एक तास प्रार्थना करा.

म्हणून मी त्यांना जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियसची दिवसाची उजळणी शिकवतो, ती लोकलमधे उभ्यानं पण होते. विरार फास्टमधे दादर ते बोरिवली पुरतो वेळ. आधी देवाकडे उजेड माग, मग आज काय काय मिळालं त्याचे आभार, मग सकाळपासूनचा दिवस एकेक तास मागे जाऊन बघ, कुठे जीव हलका झाला, कुठे आक्रसला, जिथं चुकलं तिथं माफी, आणि उद्याचं एक काहीतरी. बास. एका मुलीनं मला सांगितलं की सर, रोज मागे बघते तेव्हा कळतं माझा जीव नेहमी एकाच वेळी आक्रसतो, क्लासमधे इंग्लिशमधे उत्तर द्यायला उठले की. तिला वाटत होतं देव लांब गेलाय. लांब काही गेला नव्हता, तिला भाषेची लाज वाटत होती, आणि ती लाज प्रार्थनेत पण शिरली होती.

गासच्या पोरी, तुझ्या पोस्टमधली एक ओळ मला म्हणूनच अडली. प्रार्थना इंग्लिशमधे तोंडातून जाते. तू घरी 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणून मोठी झालीस. मिस्सा इंग्लिशमधे असू दे, ती सगळ्यांची आहे, पण आराधनेच्या तासाला तुझ्या भाषेत बोल. मराठीत, नाहीतर घरी बोलता त्या कादोडीत बोल. देवाशी बोलताना मनात भाषांतर कशाला करायचं?

कोरडेपणाबद्दल इग्नेशियसचा साधा नियम आहे: मन कोरडं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. आराधनेचा एक तास ठरवलायस ना, मग वीस मिनिटांनी उठू नकोस, उलट एकसष्ट मिनिटं बस. तो म्हणतो ठरल्यापेक्षा थोडं जास्तच थांब. घड्याळ बघितलंस तर बघितलंस. तिथं असणं महत्त्वाचं.


नंदाखालची_ताई:
सरांच्या कादोडीला माझी दोन मतं. आणि गं, अजून एक राहिलं, ८ मार्चच्या रविवारी येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीचं शुभवर्तमान आहे. तुमच्याकडे यंदा बाप्तिस्मा घेणारी पोरं असतील तर त्या दिवशी त्यांना पुढे बोलावून सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, पुढचे दोन रविवार पण. तू जन्मापासून कॅथलिक, तुला फार वेगळं वाटणार नाही असं वाटेल, पण केमिस्ट्रीच्या क्लासमधे तुझ्या शेजारी बसणारा मुलगा तिथं गुडघे टेकून बसलेला बघितलास की काय होतं ते बघ. त्यांच्यापैकी एकाला विचार की तू का आलास. मी चारही वर्षं विचारलं.


गासची_पोर:
सगळ्यांचे मनापासून आभार, दादा, ताई, सर आणि सदाशिव पेठेतली मैत्रीण. चार दिवसांनी लिहितेय कारण मिडटर्म होती.

इफ्तारचं सांगते. मैत्रिणीला मेसेज केला, तिनं आईला फोन दिला, आई म्हणाली आधी का नाही सांगितलंस, आणि शुक्रवारी माझ्यासाठी वेगळी चिंगरीची भाजी होती, म्हणजे आपली कोळंबी, आणि छोले. सूर्यास्ताला सगळ्यांबरोबर खजूर खाल्ला. त्यांचा नमाज होईपर्यंत मी बाजूच्या खोलीत बसले होते तर बसल्या बसल्या मी मराठीत रोझरीचा एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा भाग, म्हटला, ठरवून नाही. बऱ्याच दिवसांनी कुठेतरी लागलं.

आजीचं विचारलं. मम्मी म्हणाली शुक्रवारी दुपारी वाडीत केळी तोडायला जो गडी यायचा त्याचं जेवण आजी स्वतःच्या वाटणीतून काढायची, घरात ताणाताणीचे दिवस होते, कोणाला कमी पडू नये म्हणून ती भूक नाही म्हणायची. मला पंचवीस वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

साखर परत बंद केलीये, रूममेटला सांगितलं तर तिनं साखरेचा डबा उचलून वरच्या फडताळात ठेवला. दारातला तो पुठ्ठ्याचा डबा आणलाय, स्टडी टेबलवर आहे. शुक्रवारी तीन वाजता किचनमधे जाणारे, कोऑर्डिनेटरला मेल केला, तिनं लिहिलंय येताना केस बांधायला काहीतरी आण. आणि मम्मीला सांगितलंय की क्रूसाच्या वाटेच्या आपल्या मराठी पुस्तिकेच्या चौदाही पानांचे फोटो काढून पाठव, तिनं नऊ पाठवलेत, बाकीचे उद्या म्हणाली.